डावा कान

८ जानेवारी
सरावलीच्या वळणावर विजेच्या केबलला फॉल्ट. व्हॅनमधून केबलवर झटके सोडले की फॉल्टच्या जागी जमिनीखाली ठोका पडतो. तो हेडफोनमधून ऐकायचा, जागा दाखवायची. बावीस वर्षं हेच काम. आज डाव्या कानात काहीच नाही. हेडफोन बदलला. तसंच. उजव्यावर भागवलं, चार फूट चुकलो.
खोदायला कंत्राटदाराची जानीबाई होती, मोखाड्याकडची. चप्पल काढून जमिनीवर पाय ठेवला, म्हणाली, "सायेब, हितं वाजतंय." तिथंच निघाला फॉल्ट.
झटके चालू असताना बूट नसलेल्या माणसानं जवळ यायचं नाही, असा नियम. बोललो नाही.

१५ जाने.
पालघरला कानाच्या डॉक्टरांकडे. डावा जवळजवळ गेलाय, उजवाही उतरतोय म्हणाले. घरी बायकोला, सुनंदाला सांगितलं, मळ होता. ऑफिसात कळलं तर यंत्र काढून घेतील, स्टोअरला बसवतील. मग मी

२३ जाने.
शिरगाव रोड. दोन फॉल्ट, दोन्ही पहिल्याच खड्ड्यात. ऑफिसचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, असा कान दुसऱ्या कुणाचा नाही. जानीबाई फावडं पुसत होती. ती आता न सांगता चप्पल काढते. मी तिच्याकडे बघतो आणि त्या जागी जमिनीवर खूण करतो. हेडफोन नुसता डोक्यावर.

३ फेब्रु.
बोईसर, कारखान्यामागची गल्ली. पाण्याची लाइन गळत होती, माती ओली. मला दिसत होतं. तिनं पाय ठेवला आणि झटक्यासरशी आडवी झाली. ओरडून व्हॅन बंद करवली. शुद्ध होती. मनगट मोडलंय. हृदय तपासायला एक दिवस दवाखान्यात ठेवणार.


४ फेब्रु.
कंत्राटदाराचा सुपरवायझर सकाळीच आला. अहवालात लिहा म्हणे, सूचना देऊनही बाई अनवाणी गेली. तेवढ्यावर मिटेल.
दुपारी दवाखान्यात गेलो. जानीबाईची बहीण उशाशी. हात बरा झाला की परत कामावर घेतील ना, तिनं विचारलं. मी प्लास्टरकडे बघत राहिलो. जानीबाईच म्हणाली, "तुमी कुठं बोलावलं? मीच गेले."
यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर.

५ फेब्रु.
सकाळी सुनंदाला सगळं सांगितलं, कानाचंही. तिनं गॅस बंद केला.
"तुम्ही तिला पाय ठेवायला सांगत होता?"
नाही म्हटलं.
"मग थांबवत होता?"
चहा तसाच राहिला.
अहवाल लिहायला बसलो. पहिल्या पानावर: सूचना दिली नव्हती, बाईची चूक नाही. हे सोपं गेलं. का दिली नव्हती, ते दुसऱ्या पानावर. तेही लिहिलं, डॉक्टरांचा कागद जोडला.
दोन वाजता साहेबांनी बोलावलंय. पावणेदोन झाले. पहिलं पान पिशवीत घातलंय. दुसरं अजून टेबलावर, सुनंदा त्याच्याकडे बघत नाहीये.