लेकींच्या घागरी

माय, अक्षय तृतीयेला आजी मेलेल्या माणसांच्या नावानं घागरी भरायची, ते आज सकाळपासून आठवतंय. एकेका माणसाची एक घागर, वर एक आंबा. महाराष्ट्र व्हायचा होता अजून, मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. धाकटी आत्या छातीत गाठ येऊन तेल्हाऱ्याला नुकतीच गेली होती. आजी म्हणाली, "आपल्या घराण्यात कोणालेच गाठ नाही. हे तिच्या सासरचं पाणी." तू घागरींकडे पाहून फटकन बोललीस, "याच्यात लेकी हायेतच कुठी? त्याइच्या घागरी सासरी भरतात. मोजल्याच नाही, तं दिसतीन कशा?"

आजीनं आठ दिवस अबोला धरला. तू मात्र मला घेऊन एस.टी.नं अकोटला गेलीस, मोठ्या आत्याच्या सासरी. तीही तरुणपणीच गेलेली. तिच्या सासूनं तोंड वाकडं केलं, "मेलेल्या बाईचं दुखणं काहून इचारून राहिली वो?" तू तिचं सूप पुढ्यात ओढलंस. तिच्याजवळ डाळ निवडायला बसलीस, आणि सूप रिकामं होईतो सगळं काढून घेतलंस. हिलाही गाठच. कौंडण्यपूरकडे दिलेल्या बाबांच्या आत्यालाही तीच, असं म्हातारीनंच सांगितलं. तिघी झाल्या. परतताना तू सारखी माझ्याकडे पाहत होतीस. सगळे म्हणायचे ना, पोरगी आत्यांवर गेली म्हणून. मी आपली शेंगा खात होते.

पुढे माझं लग्न जमत आलं, तर तू पाहुण्यांना सगळं सांगून मोकळी! स्थळ मोडलं. मी तुला वैरीण म्हटलं. तू पोळी उलटत म्हणालीस, "म्हण. पण जित्ती राहून म्हण." अकोल्याच्या स्थळालाही तेच सांगितलंस. मुलाच्या आई म्हणाल्या, "गाठ दिसली तं मीच नेईन तिले दवाखान्यात." लग्न होऊन सासरी निघताना तू मला कानात सांगितलंस, "दर महिन्याले न्हाताना हात फिरवून पाहजो. लाज वाटली तरी पाहजो."

एक्केचाळिसाव्या वर्षी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. तू तोवर गेली होतीस. सासूबाईंनी शब्द पाळला, ऑपरेशन झालं, मी वाचले. परवा एका नव्या डॉक्टरीणबाईंनी आईकडच्या बायकांत कोणाला गाठ होती का, ते विचारलं. मी म्हटलं, वडिलांकडच्या लिहा. त्या म्हणाल्या, हे वडिलांकडूनही येतं, पण तिकडचं कोणी सांगतच नाही. मला हसूच आलं. तू चौथी शिकलेली, माय. तुझा फार अभिमान वाटला.

आज मी तुझी घागर भरली. भाऊ तिकडे भरतोच, तरी भरली. नातीचं लग्न जमतंय. काल पाहुणे आले होते. चहा झाला, आमरस झाला, माझ्या तब्येतीचीही चौकशी झाली. मी गुडघ्यांबद्दल बोलले. तिघी आत्यांचं मी त्यांना सांगितलं नाही, आणि नातीलाही अजून सांगितलेलं नाही.