पाय धुणारी मंडळी

बाबा, आज सकाळी इथं धुकं इतकं खाली उतरलंय की समोरच्या शेतातल्या गाईंचे पाय दिसत नाहीत, नुसत्या पाठी तरंगताहेत. तुमची सून, जिला तुम्ही पाहिलंच नाही, पोर्टलीशच्या हॉस्पिटलातून ड्यूटी संपवून आली आणि झोपली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा घेऊन बसलोय. तुम्ही गेलात तेव्हा मी पाळक होईन असं तुम्हालाही वाटलं नव्हतं, मलाही नाही. झालो. आयर्लंडमध्ये मराठी ख्रिस्ती घरं ती किती, नर्सेस, डॉक्टर, कंपन्यांतले इंजिनिअर. रविवारी दुपारी आम्ही एकत्र जमतो, पेटी वाजते, तुम्ही गायचात तीच गीतं गातो. पण पाळकपण मला शिकवलं ते दुसऱ्याच एका मंडळीनं. ते तुम्हाला सांगायचं होतं.

इथं आलो तेव्हा आमची मराठी मंडळी जमलेली नव्हती. घरापासून जवळ एक छोटं चर्च होतं, मेनोनाइट पंथाच्या लोकांचं. हातात शस्त्र धरायचं नाही, कुणावर उलटून हात उचलायचा नाही, हे त्यांचं जुनं व्रत. बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, पुरुष बहुतेक शेतकरी. पहिल्या रविवारी मी मागच्या बाकावर बसलो. पेटी नाही, तबला नाही, माइकसुद्धा नाही. मग चार वेगवेगळे सूर चार कोपऱ्यांतून उठले आणि मध्येच कुठंतरी हवेत भेटले. मला पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं. गीत संपल्यावर ते सगळे गप्प बसले, बराच वेळ. मी वाट पाहत होतो, आता कोण बोलणार.  तुमच्या चर्चमध्ये तर एवढ्या वेळात पाळकांचा निम्मा संदेश झाला असता.

पुढं आमची मंडळी जमली तेव्हा त्यांनीच आपला हॉल दिला. दार उघडायला एक म्हातारे शेतकरी यायचे. उंच, लालबुंद चेहऱ्याचे, हळू बोलणारे. हीटर लावायचे, खुर्च्या मांडायचे, "यू आर ग्रँड नाऊ," म्हणजे आता सगळं ठीक, असं म्हणायचे आणि निघून जायचे.

एका हिवाळ्यात आमच्यातल्या एका इंजिनिअर मुलाला कामावरून परतताना, बस स्टॉपपासून घरी चालत येताना रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांनी मारलं. ओळख ना पाळख. गालाचं हाड मोडलं. त्या आठवड्यात आमच्यातली प्रत्येक आई मुलांना बाहेर सोडायला घाबरत होती. रविवारी मी क्षमेवर संदेश तयार केला. चांगला झाला होता, बाबा, तुम्ही मान डोलावली असती. म्हाताऱ्यांनी हीटर लावता लावता विचारलं, "आज काय बोलणार?"

"क्षमा," मी म्हणालो. मला वाटलं, ह्या माणसांना तर हे आवडेलच.

त्यांनी हीटरची कळ फिरवली आणि ओणव्यानंच म्हणाले, "तो क्षमा करायला तयार आहे का?"

"विचारलं नाही."

"मग आज त्याच्याजवळ बस ना. बोलायला काय, पुढचे रविवार आहेत."

मी बसलो. गीतं झाली, आणि मी पुढं जायच्या ऐवजी त्या मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो. त्याची बायको दचकली. "पास्टर, आज मेसेज नाही?" "आज नाही," म्हणालो.  कुणाचं तरी बाळ कुरकुरलं, गप्प झालं. खूप वेळानं तो मुलगा सुजलेल्या तोंडानं बोलला. "मार लागला त्याचं काही नाही, पास्टर. मी खाली पडलो होतो तेव्हा एक गाडी हळू झाली. मला वाटलं, थांबतेय. मग ती गेली." एवढं बोलून तो रडायला लागला, आणि त्याच्यामागोमाग आम्ही सगळेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बसमधून उतरला तेव्हा स्टॉपवर ते म्हातारे उभे होते. घरापर्यंत त्याच्याबरोबर चालले. नंतर कधी त्यांची मुलगी आली, कधी आणखी कुणी. बर्फासारख्या पावसात, कुठलीही घोषणा न करता, वसंत येईपर्यंत. तो पुण्याला परत जाणार होता, तो राहिला. त्यानं क्षमा केली का, मी अजून विचारलेलं नाही.

वसंतात त्यांच्या प्रभुभोजनाला त्यांनी आम्हाला बोलावलं. त्या दिवशी ते एकमेकांचे पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले तसे. बायका एका खोलीत, पुरुष दुसरीत. आणि तिथं, बाबा, तुम्ही आडवे आलात. लहानपणी एकदा मी शाळेतून बक्षीस घेऊन आलो होतो, गुरुजींच्या पाया पडलो म्हणून सांगितलं. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तुम्ही ताटावरून उठलात. "माझ्या बापाची कंबर पाटलाच्या गल्लीत वाकून वाकून गेली. सलाम कर, हात मिळव. पण कुणाच्या पायाशी वाकायचं नाही. तुझी पाठ मला सरळ पाहिजे." तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत.

मी त्या खोलीतून पळून जायच्या बेतात होतो. तेवढ्यात ते म्हातारे खुर्चीचा आधार घेत माझ्यासमोर गुडघ्यावर आले. एवढी जमीन, एवढा गोठा असलेला गोरा माणूस. त्यांनी माझे पाय कोमट पाण्यात घेतले, पुसले. मग माझी पाळी. मी वाकलो, बाबा. कुणी वाकवलं नाही. आणि झाल्यावर आम्ही दोघंही उभे राहिलो, समोरासमोर, आणि त्यांनी मला मिठी मारली. एक वाकलेला आणि एक ताठ, असं तिथं कुणीच उरलं नव्हतं. तुम्हाला हवी होती ती सरळ पाठ मला तिथं मिळाली, असं मी स्वतःला सांगतो. तुम्हाला पटेल का, माहीत नाही. मला त्या लोकांचे आभार मानायचे होते आणि लिहायला बसलो तुम्हाला. हे पत्र कुठं जाणार नाही, ते मलाही कळतं.

एक मात्र सांगून टाकतो. पाय धुताना मनात प्रार्थना करायची असते. मी केली नाही. त्या म्हाताऱ्यांच्या टाचांना भेगा होत्या, उन्हाळ्यात तुमच्या पडायच्या तशा. तुमचे पाय मी कधी हातात घेतले नव्हते, तुम्ही घेऊच दिले नाहीत. पाणी गार होईपर्यंत मी त्यांचे पाय सोडले नाहीत.