राखून ठेवलेला प्रश्न

प्रिय धाकट्या,

हे पत्र लिहायला मी सकाळपासून कितीदा बसले असेन कोण जाणे. दोन ओळी लिहिते, उठते, खिडकीशी जाते. फाटकावरचा पहारेकरी मान वर करून बघतो, की पुन्हा आत येते. त्याला वाटत असेल, बाईसाहेबांचं काहीतरी हरवलंय. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी जरा गंभीर झाले की सभागृहातला आवाज काढून म्हणतोस, ‘अध्यक्ष महोदय, माझ्या भगिनीचा मुद्दा विषयाला धरून नाही,’ मग मला हसू येतं आणि विषय तिथंच संपतो. आज मला हसायचं नाहीये. म्हणून कागद घेतला. आणि हो, अक्षराला नावं ठेवू नकोस. या बंगल्यातली सगळी पेनं सरकारी आहेत.

काल आईचा फोन आला होता. गुडघा बरा आहे म्हणाली, म्हणजे दुखतोय. शेजारच्या काकूंशी पुन्हा बोलणं सुरू झालंय, म्हणजे दोघींना तिसरं कुणीतरी बोलायला सापडलं असणार. इकडचं तिकडचं झालं आणि मग ती हळूच म्हणाली, की तिनं तुला समजावलंय. काय समजावलंस, विचारलं तर आधी उडवाउडवी. शेवटी बोलली. ‘बहिणीच्या नवऱ्याला चारचौघांत उभा-आडवा घेऊ नकोस, तिला रोज त्याच घरात राहायचंय,’ असं तिनं तुला सांगितलं म्हणे. मी तिच्यावर चिडले नाही. तिनं आयुष्यभर हेच केलंय. तू आणि हे वेगवेगळ्या पक्षांतून निवडून आलात त्या वर्षी तिनं जेवणाच्या टेबलावर कायदाच केला होता ना, की या घरात कुणी माननीय नाही, आणि राजकारण काढेल त्याला दुसऱ्यांदा भात मिळणार नाही. तुम्ही मग पंख्यावरून भांडायचात. ह्यांना तो जोरात हवा, तुला हळू. आई मधे बसून वाढायची आणि पंखा तिच्या मनाप्रमाणे फिरायचा. मला ती जेवणं फार आवडायची. तुम्हा दोघांकडे बघून वाटायचं, माझ्या वाट्याला दोन्ही बाजूंची चांगली माणसं आली.

त्या दिवशी मी सभागृहात प्रेक्षकांच्या सज्जात यायला नको होतं, असं तुला वाटत असेल. पण हे मंत्री झाल्यापासून ह्यांच्या खात्याचे प्रश्न असले की मी येतेच, हे तुला माहीत आहे. तू उठलास तेव्हा मला आधी दिसला तो तुझा सदरा. मागून चुरगळलेला. (इस्त्री कुणाकडून तरी करून घेत जा.) तुझा प्रश्न अग्निशमन गाड्यांचा होता. राज्यभर किती घेतल्या, खर्च किती झाला, आणि तुझ्या गावातली गाडी आगीच्या दिवशी बाहेर का पडली नाही. छापील उत्तर सगळ्यांच्या हातात होतं. गाड्या घेतल्या, होय. सर्व सुस्थितीत आहेत, होय. बाहेर का पडली नाही, तर ‘वाहन सुस्थितीत होते, सबब प्रश्न उद्भवत नाही.’ ह्यांनी ते वाचलं आणि सत्ताधाऱ्यांनी बाकं वाजवली. ह्यांनी मात्र मान वर केली नाही. तू पहिला उपप्रश्न विचारलास, खर्चाचा. ह्यांनी आकडा सांगितला. दुसरा, गाड्या जागेवर पोचल्या का. पोचल्या. मग तू कागदाची घडी उलगडलीस, तोंड उघडलंस, आणि तुझी नजर वर आली, सज्जाकडे, माझ्याकडे. मी काही खूण केली नव्हती. माझ्या चेहऱ्यावर काय होतं, देव जाणे. तू कागद पुन्हा दुमडलास आणि खाली बसलास. अध्यक्षांनासुद्धा नवल वाटलं. सन्माननीय सदस्यांचं समाधान झालं का, असं त्यांनी विचारलं, तर तू तो कागद खिशात घातलास. तुझ्याच बाजूचे लोक ओरडायला लागले, कुणीतरी ‘घरचं प्रकरण’ म्हणालं, दोन्हीकडून गोंधळ झाला आणि अध्यक्षांनी प्रश्न गुरुवारपर्यंत राखून ठेवला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी मेहुण्यांची जोडी म्हणून तुमचे फोटो शेजारीशेजारी छापले. तुझा फोटो जुना आहे, केस आहेत त्यात.

तुझा तिसरा उपप्रश्न काय होता, ते मला ठाऊक आहे. गाडी चालवायला माणूस होता का? तो नव्हता, हे मलाही तेव्हापासून माहीत आहे, जेव्हा त्या गाडीची फीत कापायला आम्ही तुझ्या गावी आलो होतो. नवीकोरी लाल गाडी, आरशासारखी. ह्यांनी फीत कापली, भोंगा वाजला, मुलांनी टाळ्या पिटल्या. मी त्या चालकाला विचारलं, तुम्ही इथलेच का? तो म्हणाला, ‘नाही बाई, मी कचऱ्याच्या गाडीवर असतो. आजच्यापुरतं बोलावलंय.’ समारंभ आटपल्यावर त्यानं गाडी शेडमध्ये लावली, किल्ली दिली आणि तो आपल्या कामावर गेला. परतीच्या वाटेवर मी ह्यांना ते सांगितलं.  हे म्हणाले, की दर अर्थसंकल्पाच्या वेळी ते चालकांची आणि जवानांची पदं मागतात, आणि दर वेळी अर्थमंत्री तेच सांगतात. गाडी एकदाच घ्यावी लागते आणि तिचा फोटो येतो. पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याचा फोटो येत नाही. मंत्रिमंडळात जे ठरतं ते बाहेर बोलायचं नसतं. तेव्हा हे बोलले नाहीत. फिती कापत राहिले.

आणि मग तुझ्या गावातल्या गाद्यांच्या कारखान्याला आग लागली. तू तिथं होतास. लोकांनी शेडचं कुलूप फोडून ती गाडी रस्त्यावरून हातांनी ढकलत नेली, त्यांत तूही होतास. तुझ्या तळव्यांची सालं निघालेली मी नंतर पाहिली, आणि तू म्हणालास, काही नाही, दोरी ओढताना लागलं. गाडी दारापर्यंत पोचली, पण पंप सुरू करणं कुणाला येईना. तिथं गाद्या शिवणारी ती बाई आणि तिची सून आतच राहिल्या. आईच्या घरातले सगळे पडदे त्या बाईनंच शिवलेले. तू आमच्याशी कितीतरी दिवस बोलला नाहीस, आणि मला त्याचा राग आला नाही.

तुला एक माहीत नसावं. त्या बाईच्या घरी भेटायला हे गेले तेव्हा मी सोबत होते. एकच खोली, शिवणयंत्रावर चादर टाकलेली. अधिकाऱ्यांनी मदतीचा कागद ह्यांच्या हातात दिला होता, तो पुढे करायचा आणि निघायचं. त्या बाईची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. तिनं कागद घेतला, बाजूला ठेवला आणि ह्यांना विचारलं, ‘गाडी होती ना, साहेब?’ हे म्हणाले, होती. ‘मग?’ एवढंच ती म्हणाली. धाकट्या, मी ह्यांना भाषण विसरताना पाहिलंय, निवडणूक हरताना पाहिलंय, पण उत्तर येत असून तोंडातून न निघणं कधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी घाई केली आणि आम्ही बाहेर पडलो. तेव्हापासून हे घरात नीट बसलेले नाहीत. जेवताना मधेच उठतात. दाढी करताना आरशापुढे पुटपुटतात. आधी मला वाटलं भाषण असेल. दाराशी उभी राहून ऐकलं, तर तोच एक शब्द होता, ‘मग’.

तू प्रश्न न विचारता बसलास त्या दिवशी हे घरी आले आणि बूटसुद्धा न काढता कोचावर बसले. मी म्हटलं, चला, आजचं टळलं. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं.  तर हे म्हणाले, ‘तुझा भाऊ का थांबला? त्यानं विचारायला हवं होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.’ मी विचारलं, अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं? ‘नाही. माझं.’ मग हळूहळू सगळं सांगितलं. पदं कितीदा मागितली, कुणी नाकारली, हे सभागृहात उघड सांगायचं, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत प्रत्येक शेडमध्ये चालक आणि जवान बसवू, असं सरकारच्या वतीनं आश्वासन देऊन मोकळं व्हायचं. कुणालाही न विचारता. मी म्हटलं, मग खुर्ची राहील का? म्हणाले, नाही राहणार, संध्याकाळपर्यंतसुद्धा नाही. मी विचारलं, मग आधीच राजीनामा देऊन बाहेर का बोलत नाही? तर म्हणाले, राजीनामा दिला तर लोक म्हणतील खात्यावरून बिनसलं, दोन दिवस चर्चा होईल आणि सगळे विसरतील. सभागृहात मंत्र्यानं दिलेलं आश्वासन नोंदलं जातं. मंत्री बदलला तरी सभागृहाची समिती त्याचा पाठपुरावा करत राहते, पुढच्या माणसाला ते निस्तरावंच लागतं. पण ते उत्तरात आपणहून घालता येत नाही, छापील उत्तर खात्यातून मंजूर होऊन येतं. कुणीतरी उभं राहून सरळ विचारावं लागतं. मी म्हटलं, मग सांगा ना त्याला. तेव्हा मात्र हे चिडले. विरोधी सदस्याला प्रश्न पढवणारा मंत्री मी होणार नाही, म्हणाले, आणि मेहुण्याला तर नाहीच.

आता मी का लिहिते आहे ते सांगते. काल संध्याकाळी आईच्या त्या फोनवरच मला कळलं, की गुरुवारी तू येणारच नाहीस, गैरहजर राहून प्रश्न जाऊ देणार आहेस, आणि ते माझ्यासाठी. तसं करू नकोस. ह्यांनी मला पाठवलेलं नाही, त्यांना हे पत्र माहीतही नाही. मी मंत्री नाही, सदस्य नाही, मला कुठला नियम लागू नाही. मी फक्त त्या खोलीत उभी होते. तू माझा संसार वाचवायला निघालास, पण तो ज्या माणसाशी आहे तो दिवसेंदिवस माझ्यासमोर आतल्या आत खचतोय, आणि तुझ्या दयेनं तो जास्तच खचेल. आईला मी बघते, तिची समजूत घालायचं काम माझ्याकडे. आज दुपारी मी कपाटातल्या, सरकारी नव्हे, आमच्या स्वतःच्या कपबशा काढून कागदात गुंडाळायला बसले. अचानक हे ऑफिसातून आले, दारात थांबले.  कोट काढून खुर्चीवर टाकला, माझ्या शेजारी जमिनीवर बसले आणि एकेक बशी पुसून माझ्या हातात द्यायला लागले. बऱ्याच दिवसांनी हे एका जागी स्वस्थ बसलेले पाहिले. आता पुन्हा गेलेत, आणि मी ही शेवटची ओळ लिहून, पहारेकऱ्याला चुकवून, सदस्य-निवासात येणार आहे, हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवायला. आत असलास तरी मला थांबवू नकोस, मला रडू येईल. गुरुवारी ये. घरातलं कुणी समोर आहे हे विसर आणि विचार, धाकट्या. उत्तर तयार आहे.

दोन्ही बाकांच्या मधली, पण तुझीच,
ताई