हसले मीच आधी

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव.

इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट घ्यायचंय. घरबसल्या व्हिडिओ बघून परीक्षा द्यायची, की महिनाभर पुण्याला जायचं? पुण्यात खऱ्या वर्गावर शिकवावं लागतं आणि मागे बसून कुणीतरी आपल्या चुका टिपतं. सकाळपर्यंत घरबसल्याचंच ठरलं होतं.

दुपारी बसस्टँडवर वैशाली भेटली. माझ्या क्लासची जुनी विद्यार्थिनी, धुळ्याकडची. आता नर्स आहे. तिला पाहिलं आणि तो दिवस आठवला. वडील काय करतात, असं मी इंग्रजीत विचारलं होतं. ती उभी राहिली आणि 'इज'च्या जागी घरच्या अहिराणीतलं 'शे' घालून म्हणाली, "माय फादर फार्मर शे." वर्ग हसला. खरं लिहायचं तर सगळ्यांत आधी मीच हसले. नंतर वर्षभर ती वर्गात बोललीच नाही, आणि मी तिला शांत मुलगी समजत राहिले!

"परदेशातल्या हॉस्पिटलची मुलाखत होती मॅडम," ती म्हणाली. "इंग्रजीत होती. दारापर्यंत गेले आणि परत आले."

मग तिने विचारलं, "क्लास चालू आहे ना अजून?"

"हो."

"मग कुणी शे म्हटलं तर हसू नका."

रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिची बस आली, माफी मागायची राहिली. 'फार्मर शे' काही केल्या कानातून जात नाही.

आत्ता पुण्याचा फॉर्म भरला. हाच कोर्स का, असं त्यात विचारलंय. आवड, अनुभव असं बरंच लिहून खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं: माझ्यामुळे एक मुलगी बोलायची थांबली.