भट्टीमागचा बोकड

९ मे

कबरी गेली! सासूबाईंनी तिला बाजारात धाडलं. तीनदा बोकडाकडे नेली, तीनदा उलटली – गाभण राहिलीच नाही. तिसऱ्यांदा उलटलेली बकरी आमच्याकडे ठेवत नाहीत. दोर ओढला तेव्हा मागे वळून ओरडत होती.

"वांझ शे ती," सासूबाई म्हणाल्या. बघत मात्र माझ्याकडे होत्या. लग्नाला पाच वर्षं झाली.

१२ मे

दाराआडून ऐकलं. सासूबाई शेजारच्या छबूबाईला सांगत होत्या – "दिवाळीलोंग दखसूत, मंग माहेरले धाडी देसूत."

म्हणजे दिवाळीपर्यंतच मी या घरात.

१६ मे

छबूबाईच्या दोन्ही बकऱ्या उलटल्या. तणतणत आली, सोबत जनावरांचे डॉक्टर. त्यांनी आमच्या बोकडाच्या खोपीच्या पत्र्याला हात लावला आणि झटकलाच! म्हणाले, "बकऱ्या चांगल्या आहेत. खोट बोकडात आहे. भाजतोय तो इथे. एवढ्या उष्णतेत नराचं बी खराब होतं. बकरी राहत नाही, राहिली तरी पिल्लू कमजोर निघू शकतं."

गेल्या वर्षी चैत्रात सासूबाईंनी हौसेने कापसाच्या पऱ्हाट्यांचं छप्पर काढून पत्रे घातले. साऱ्या गावाचा बोकड आमच्या घरी, त्याचा मान! त्या उन्हाळ्याची तीन करडं झाली. एकही उभं राहिलं नाही.

आणि खोपीच्या भिंतीपलीकडे आमची फुटाण्याची भट्टी. हेमकांत – नवऱ्याचं नाव फक्त इथेच लिहिते – रोज दहा तास तिथे चणे भाजतो. बारा महिने. त्याच भिंतीला पाठ लावून.

अगं बाई! हे मला का सुचलं?

१७ मे

नाही बोलणार. सुनेने नवऱ्यात खोट काढायची? जीभ हासडतील माझी.

२ जून

बोकड निंबाखाली बांधला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने धीर धरा.

भट्टीवर पाणी घेऊन गेले. ह्याच्या शर्टावर घामाच्या मिठाचे पांढरे डाग. म्हटलं, घडीभर बाहेर बसा ना. हा हसला – "माले बी निंबखाल बांधस का?" गंमतच केली त्याने. पण सासूबाई तिथेच चणे पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं. वर पाहिलं त्यांनी.

३ जून

सासूबाई दिवसभर नुसत्या चणे पाखडत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० ऑगस्ट

छबूबाईची बकरी या खेपेला उलटली नाही! डॉक्टर बघायला आले होते. सासूबाईंनी त्यांना कोपऱ्यात नेऊन काहीतरी विचारलं. मला पाहिलं आणि डॉक्टर लगेच निघाले.

आता दिवाळीपर्यंत तरी कशाला थांबतील? ट्रंक उघडून बसले. कोणत्या साड्या न्यायच्या तेही सुचत नाही. भीती वाटते. खूप भीती वाटते.

३१ ऑगस्ट

सकाळी भट्टीवर सासूबाई! पदर तोंडाला गुंडाळलेला, हातात मोठा झारा. हेमकांतला म्हणाल्या, "आजपाइन तू दुकानवर बस. मन्हं वय झायं, माले काय व्हस?"

मी दारातच उभी. माझ्याकडे न बघता चणे हलवत राहिल्या.

मग म्हणाल्या, "कबरीना काय दोष नही व्हता."