मौजे नागभीड येथील वाघाच्या वाटेची पट्टी

॥ श्री ॥

ज्याच्या कृपेवाचून श्वास आत येत नाही आणि आत आलेला बाहेर पडत नाही, जो गर्भातल्या जीवाला अंधारात सांभाळतो आणि म्हाताऱ्याला भर उजेडात, त्या परमेश्वरास, कुलस्वामिनीस आणि मला अक्षर देणाऱ्या कै. वडिलांस साष्टांग नमस्कार करून पुढील मजकूर लिहितो.

मी, यज्ञेश्वर रामचंद्र पुराणिक, वय अडुसष्ट, व्यवसाय पुराणकथन व अलीकडे जमीन, राहणार नागभीड, तहसील ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा, मुंबई राज्य, हे मृत्युपत्र स्वहस्ते व स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी स्थिर आहे. हात स्थिर नाही, त्यामुळे अक्षर कापरे दिसेल. ते कापरे दुखण्याने नव्हे, भयाने झाले आहे. भ्यालेल्या माणसाचे मृत्युपत्र कायद्यास मान्य होते काय, हे मी ब्रह्मपुरीच्या वकिलांस मुद्दाम विचारून आलो. ते म्हणाले, मान्य होते. मात्र ते भय कोणा माणसाने घातलेले नसावे. माझे भय माणसाने घातलेले नाही. ते कोणाचे, हे चौथ्या कलमात येईल.

कलम पहिले. माझी पत्नी कै. आशाबाई सहा वर्षांपूर्वी वारली. आम्हांस संतान नाही. धाकट्या भावाचा मुलगा चि. गुणवंतराव यास आम्ही लहानाचा मोठा केला. त्याची पत्नी सौ. इंदुताई व मुलगी चि. चंदा, वय वर्षे चार, ही माझ्याच घरी राहतात. माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित वा पत्नीच्या मागे मला आलेली आहे व तीत दुसऱ्या कोणाचा हिस्सा नाही.

कलम दुसरे. बाजारगल्लीतील माझे राहते घर, विहिरीतील हक्कासह, मी चि. गुणवंतराव व सौ. इंदुताई या उभयतांच्या नावे करतो. उभयतांच्या, हा शब्द विचारपूर्वक लिहिला आहे. दोघांपैकी एकट्याला ते घर विकता येऊ नये.

माझ्या पोथ्या सौ. इंदुताईस द्याव्या. त्या वाचणारी या घरात आता तीच आहे. पुराण सांगताना मी ज्यावर बसत असे तो शिसवी चौरंग श्री. बापूजी जोशी यांस द्यावा. गेल्या रामनवमीस राममंदिरातील माझी जागा त्यांनी मला न विचारता घेतली. चौरंगाचा एक पाय किंचित आखूड आहे. ते त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

कलम तिसरे. स्टेशनच्या पूर्वेस, जंगलाच्या अंगाला असलेली माझी नऊ एकर जमीन. ती मी कशी घेतली हे लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

मी आयुष्यभर वामनावताराची कथा सांगितली. तीन पावलांत त्रैलोक्य मोजून दाखवले आणि श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणले. पण भूमापकाची साखळी कोणत्या टोकाने धरतात हे मला ठाऊक नव्हते. आशाबाईच्या मागे तिच्या माहेरची शेती विकून काही रक्कम हाती आली. ती घरात ठेवण्याचेही मला भय वाटे. तेव्हा कवेलू म्हणजे घरावरची कौले व इमारती लाकूड यांचे व्यापारी श्री. नूर मोहम्मद, जे मंदिराच्या ओट्याबाहेर उभे राहून माझे पुराण ऐकत, मला म्हणाले, "पंडितजी, तुमी पोथीत आखी पृथ्वी वाटून देता. एखादा एकर इकत घेऊन पाहा, मंग समजन तिचं वजन."

या विद्येत तेच माझे गुरू. त्यांनी शिकवले की जमीन कागदावर पाहू नये, पायांनी पाहावी, आणि तीही पावसाळ्यात; उन्हाळ्यात प्रत्येक जमीन शहाण्यासारखी दिसते. शेतजमिनीवर घरे बांधायची तर आधी सरकारची परवानगी घ्यावी, मग खुंट्या ठोकाव्यात. सर्व प्लॉट एकदम विकू नयेत. वस्ती झाल्यावर मागे राहिलेल्यांना किंमत येते. मी नकाशात रस्ते अरुंद धरले होते. ते पाहून त्यांनी माझ्या हातातील पेन्सिल काढून घेतली.

"हे काय, पंडितजी? माणूस जाईन, बैलबंडी कुठून जाईन?"

मी म्हणालो, रस्त्यात जमीन वाया जाते.

"रस्त्याले सोडली ते जमीन गेली असं नोका समजू. तेच बाकीच्याले भाव देते. आधी पाहा, पाणी कुठून जाते. मंग पाहा, माणूस कुठून जाते. त्याच्या आडवं नाई याचं. बस, एवढीच इद्या आहे."

दान दिल्यानेच उरलेल्याचे मोल वाढते, हे तत्त्व मी हजार वेळा सांगितले असेन. ते खुंटी व चुन्याच्या रेघेत मांडलेले प्रथमच पाहिले. पाणी कुठून जाते ते आम्ही पाहिले, माणसे कुठून जातात ते पाहिले आणि नकाशा केला. रस्त्याच्या बाजूचे प्लॉट रेल्वेच्या व शाळेच्या मंडळींनी घेतले. मधला मोठा प्लॉट, ज्याच्या मागे बोडी म्हणजे लहान तलाव आहे व समोर नाला, तो मी गुणवंतरावास तोंडी दिला. रजिस्ट्री केलेली नाही. त्याने तेथे स्वतःच्या कमाईने घर उभे केले. आता फक्त कवाडे बसवायची आहेत. येत्या अक्षय्य तृतीयेस त्याचा गृहप्रवेश ठरला आहे.

त्या प्लॉटात शेंदूर लावलेली एक शिळा होती. तिला वाघोबा म्हणतात. आसपासचे गोंड लोक वर्षातून एकदा तेथे कोंबडे देतात. पुढील दाराच्या उंबऱ्याच्या जागी, जोत्याच्या आड येते म्हणून गुणवंतरावाने ती उचलून कुंपणाच्या कोपऱ्यात ठेवली. मी पाहत होतो. ज्या देवाचे नाव माझ्या पोथ्यांत नाही त्याच्यासाठी भांडण कशाला करावे, असे मला वाटले.

कलम चौथे. फाल्गुन वद्य पक्षातील एका सायंकाळी मी त्या नव्या घरात संध्येस बसलो होतो. वास्तूत मंत्र घुमावा, ही इच्छा. घराचे पुढील दार व मागील दार, आमच्या रीतीप्रमाणे, एका रेषेत आहेत. मी भिंतीला पाठ टेकून बाजूस बसलो होतो. अर्घ्याचे पाणी ओंजळीत होते.

नाल्याच्या बाजूने वाघ आला. चुन्याच्या रेघेवरून, जणू ती त्याच्यासाठीच मारली होती, अशा चालीने आला. पुढील दारातून घरात आला. जेथे उंबरा बसायचा आहे तेथे क्षणभर थांबला, खाली जमीन हुंगली. माझ्यापासून दोन हातांवर त्याची कूस होती. तिच्यातून श्वास जाताना दिसत होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मागील दारातून तो बोडीवर गेला व पाणी प्याला. ते पिणे मला बराच वेळ ऐकू येत होते.

जन्मभर मी लोकांना अभय सांगितले. त्या वेळी मला गायत्रीचे एक अक्षर आठवले नाही. माझे धोतर भिजले. कायद्याच्या कागदात असे लिहीत नाहीत, परंतु भयाला साक्षीदार लागतो आणि तेथे दुसरा कोणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी नूर मोहम्मद यांना नेऊन ओल्या मातीतील पावले दाखवली. जुन्यांवर नवी उमटलेली होती. ते उकिडवे बसले आणि म्हणाले, "अरे बापा! हा तं रोजचा पाव्हणा आहे. पंडितजी, तिसरी गोष्ट आपुन पाह्यलीच नाई."

कोंबडे देणाऱ्या गोंडांपैकी जंगूस मी विचारले की शिळा नेमकी तेथेच का होती. मला वाटले, काही परंपरा सांगेल. तो हसला. "मले काय मालूम, महाराज? तुमी देव कोपऱ्यात नेला, मी कोंबडं कोपऱ्यात नेलं. देव तिथी, रस्सा तिथी."

गुणवंतरावास सांगितले. तो म्हणाला, "काकाजी, वाघानं प्लॉटासाठी अर्ज केला का? इंजिनाची शिटी वाजली का पयते तो. चार घरं झाले का येनच नाई. तुमी उगीच भेवून राह्यले."

कदाचित त्याचेच खरे असेल. पण त्या घराच्या दारासमोर अंगण आहे आणि अंगणात खेळणारी चार वर्षांची आहे. त्या दिवसापासून काशाची वाटी खाली पडली तरी मी दचकतो. रोज दुपारी चंदा निजली की मी तिच्याजवळ बसून तिचा श्वास पाहतो, आणि मला तो दुसरा श्वास आठवतो.

कलम पाचवे. म्हणून असे ठरवतो. नाल्यापासून बोडीपर्यंत, वीस हात रुंद, जी पट्टी त्या घरातून जाते, ती मी श्री वाघोबा देवस्थानास अर्पण करतो. नुसती मोकळी ठेवली असती तर आज ना उद्या कोणी तेथे गोठा बांधला असता. ही युक्तीही नूर मोहम्मद यांचीच. त्यांच्या दर्ग्याच्या जमिनीवरून त्यांना ती ठाऊक होती. ते म्हणाले, "देवाच्या नावावर करा. मंग इकनारा कोन आहे?" वकिलांनी दुजोरा दिला की कायद्याच्या दृष्टीने देव हा कायमचा अज्ञान बालक असतो, त्याची मिळकत त्याच्या पालकाला विकता येत नाही. ज्याने माझी वाचा बंद केली त्याच्या धन्याला मी बालक म्हणून जमीन लिहून देत आहे, हा परमेश्वराचा विनोद मला कळतो. मला हसू येत नाही.

देवस्थानाची वहिवाट जंगूने व त्याच्यामागे त्याच्या वंशाने करावी. त्याला रस्सा मिळत राहावा.

माझ्या मृत्यूनंतर ते घर उतरवावे. सागवान, कवेलू व विटा गुणवंतरावाच्या; त्या त्याच्या कष्टाच्या आहेत. उरलेले प्लॉट विकून जे येईल त्यातून प्रथम पट्टीच्या दोन्ही अंगांस पुरुषभर उंच दगडी भिंत घालावी, म्हणजे शेजारच्या घरांतील मुले इकडे येणार नाहीत व तो तिकडे जाणार नाही. नंतर जे राहील ते चंदाचे.

कलम सहावे. येथवर मसुदा झाला तेव्हा मला वाटले, मी सुटलो. काल दुपारी गुणवंतराव बाहेर गेला असता तो मी सौ. इंदुताईस वाचून दाखवला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. हातातले तांदूळ निवडायचे राहिले होते. शेवटी ती म्हणाली, "मामाजी, हे तं तुमी गेल्यावरचं झालं. गृहप्रवेशाची आखाजी समोरच्या महिन्यात आहे."

मी कागदाची घडी घालू लागलो.

"मी चंदीच्या बापाले सांगून थकली. म्हनते, काकाजीच्या संगतीनं तूबी भित्री झाली. तुमी कागदात समदं बराबर लिवलं. पन चंदीले त्या आंगनात खेळू द्याचं का नाई, तेवढं सांगा मले."

कायदा, नकाशा, खुंट्या, रस्ते, जे जे मी या वयात शिकलो त्यात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मृत्युपत्र मेल्यावर बोलते. अंगणात खेळणारे मूल आज खेळते.

उत्तर जुन्याच विद्येत सापडले. केस पिकले व नातवंडाचे तोंड पाहिले की गृहस्थाने वनाकडे निघावे, असे शास्त्र सांगते. ज्या वयात मी वनात जायचे त्या वयात मी वनाचे प्लॉट पाडले. आता निघतो. उद्या त्रयोदशीस मी त्या घरात वानप्रस्थ घेऊन राहावयास जात आहे. आमच्या घराण्यात वानप्रस्थाच्या वास्तूत संसार मांडत नाहीत. तेथे पाळणा बांधत नाहीत, सुनेची चूल पेटत नाही. जमीन माझ्या नावावर आहे. मी तेथे जिवंत असेपर्यंत दुसऱ्या कोणाचा गृहप्रवेश होऊ शकत नाही; आणि मी जिवंत नसेन तेव्हा पाचवे कलम लागू होईल. मध्ये एका दिवसाचीही फट राहत नाही. माझी सर्व विद्या एवढीच.

आज सकाळी जंगू व मी शिळा परत उंबऱ्याच्या जागी नेऊन बसवली. प्राणप्रतिष्ठेचा मंत्र कोणता म्हणावा हे कळेना, विष्णूचाच म्हटला. दोन्ही दारांस कवाडे बसवणार नाही. मी कडेच्या खोलीत राहीन.

गुणवंतराव हे ऐकून आधी हसला, मग संतापला. "लोक काय म्हनतीन? पुतन्यानं म्हाताऱ्याले वाघापुढं टाकलं?" मी म्हणालो, लोकांना हा कागद दाखव. संध्याकाळी त्यानेच माझी खाट डोक्यावर नेली आणि कडेच्या खोलीला कवाड बसवून आतून लोखंडी आडणा ठोकून दिला. तीनदा हलवून पाहिला.

कलम सातवे. मी शूर नाही. भीत भीत जात आहे, हे येथे नोंदवून ठेवतो. माझा अंत त्या प्राण्याच्या हातून झाला, तर शिकारी बोलावू नये, मचाण बांधू नये. तो स्वतःच्या देवाच्या जमिनीवर असेल आणि मी पाहुणा. माझ्यामागे अनाथ होणारे कोणी नाही. त्याच्या वाटेवर असलेच तर ते एक म्हातारे माणूस असावे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील सर्व मजकूर साक्षीदारांसमोर वाचून त्यांच्यासमक्ष सही केली व त्यांनी माझ्यासमक्ष केली.

नागभीड. चैत्र शुद्ध द्वादशी, शके १८७९, एप्रिल १९५७.

सही : यज्ञेश्वर रामचंद्र पुराणिक

साक्षीदार :
१. नूर मोहम्मद वल्द शेख इमाम, कवेलूंचे व्यापारी, नागभीड (सही)
२. लटारू सोमाजी, शिंपी, बाजारगल्ली (डाव्या हाताचा अंगठा)

जो कोणी हा कागद वाचील, आप्त असो, अधिकारी असो वा परका, त्याच्या घराला दोन्ही बाजूंनी वारा लाभो, त्याच्या विहिरीला पाणी राहो, आणि त्याच्या अंगणात मूल निर्भयपणे खेळत असो.