मोठी माय

६ जानेवारी

एकसष्टावी जोडी मिळाली! इथेच आमच्या बेसा वस्तीत, मागच्या गल्लीतली मावशी आणि भाची. दोघींनी हसत हसत रक्त दिलं. आई हयात नसेल तर मावशीच्या रक्तावरून नातं किती खात्रीने सांगता येतं, या एका प्रश्नामागे मी तीन वर्षं लागले आहे. सुशील सगळ्यांना सांगतो, बायको मावश्या गोळा करते. नवरा असून असं बोलतो!

दुपारी लॅबमध्ये पोलिसांची एक केस. रोशन, वय सत्तावीस. आठव्या वर्षी रामटेकच्या यात्रेत हरवला, बल्लारशाला बालगृहात वाढला. महिन्यापूर्वी आपणहून ठाण्यात गेला — माझं घर शोधून द्या म्हणून. जुन्या नोंदीवरून मीराबाई सापडल्या. फॉर्म मीच भरला. रोशनला आत रक्त द्यायला नेलं होतं. मी विचारलं, आईच ना? त्या हळूच म्हणाल्या, "हो, मोठी माय." पासष्टीच्या पुढच्या दिसत होत्या, म्हटलं, 'मोठी' हे वयाचं सांगतायत. 'आई' लिहिलं. तो बाहेर येईपर्यंत त्यांची नजर दारावरून हलली नाही.

१५ जानेवारी

जुळत नाही.

डीएनएच्या प्रत्येक ठिकाणी अर्धा वाटा आईकडून यायलाच हवा. इथे पाच ठिकाणी नाही. पुन्हा लावून पाहिलं — तेच. म्हणजे ही त्याची आई नव्हे. डब्यातली तिळाची पोळी तशीच परत आणली.

१६ जानेवारी

रिपोर्टवर सही करवेना. फक्त आईकडूनच उतरतो तो दुसरा डीएनए तपासायला लावला. एवढं समाधान तरी.

२० जानेवारी

तो तंतोतंत जुळला! आई नाही, पण आईच्याच रक्ताची. डोकं चक्रावलं. सॅम्पल रूम सांभाळणारे चंद्रभानजी काटोलकडचे. त्यांना फॉर्म दाखवला, मीराबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मोठी माय म्हंजे मायची मोठी बहीण, मॅडम. तुमच्या साताऱ्याले काय म्हंतेत?"

मावशी! मावश्यांवर संशोधन करणारी मी, आणि समोर बसलेली मावशी ओळखली नाही! माझ्या संशोधनाच्या छापील फॉर्मवर 'मावशी' असतं, लोक मुकाट्याने खूण करतात. हा शब्द कधी कानावरच आला नव्हता. हसू आलं, लाजही वाटली. सरांना चूक लेखी कळवली. आधी ओरडले, मग तेही हसत सुटले.

२३ जानेवारी

नवीन फॉर्मसाठी मीराबाईंना एकट्यांनाच बोलावलं. धाकटी बहीण बाळंतपणात गेली, तेव्हापासून बाळ यांच्याच कुशीत. रोशनला कधी सांगितलं नाही. सरकारी कागद म्हणून मला तेवढं खरं सांगितलं होतं बिचारीने.

निघताना माझा हात धरला. "मावशी नका लिहू वं बाई. त्यानं वाचलं तं जाईन मले सोडून. आत्ताच तं सापडला."

खोटं लिहिता येत नाही, असं सांगितलं. मान हलवून गेल्या. फार वाईट वाटलं.

२९ जानेवारी

रिपोर्ट गेला. नातं: मावशी-भाचा. माझ्या एकसष्ट जोड्यांचे आकडे पहिल्यांदाच खऱ्या केसला उपयोगी पडले. आनंद झाला, नाही कशाला म्हणू! संध्याकाळी सुशीलला घेऊन तर्री पोहे खाल्ले. मधूनच मीराबाई आठवत होत्या.

४ फेब्रुवारी

रोशन आला, संत्रा बर्फी घेऊन. मीराबाई गेटबाहेर ऑटोत बसल्या होत्या, त्याच्या लेकीला मांडीवर घेऊन. मी रिपोर्टचं काही बोलायच्या आत तोच म्हणाला —

"मी हरपलो नव्हतो, मॅडम. यात्रेत एका बाईनं सांगतलं, हे तुही सख्खी माय नाही. म्हणून पळालो. गावाचं नाव पाठ होतं, पण बालगृहात कोणालेच सांगतलं नाही. आता मलेच पोरगी झाली, तवा समजलं. मायले सांगू नका. तिले वाटते, मी हरपलो होतो."

नाही सांगणार म्हटलं. फक्त इथे लिहिलं.